ट्यूबलाइटची झालर

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि मालेगावच्या कापड बाजारातले आमचे वडीलधारे आदरणीय केशरीचंदजी संघई. आज अर्धा दिवस दवाखाना बंद ठेवून वाशीमहून आलेले प्रमुख पाहुणे, नेत्रतज्ज्ञ डॉक्टर दौलतराव वानखडे. आपल्या तालुका फोटोग्राफर संघटनेचे सचिव खेमाभाऊ. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, माझे मोठे बाबा, नानाजी खानझोडे. त्यांच्या शेजारी खुर्चीच्या अगदी काठावर बसलेली माझी मोठी आई, मनकर्णाबाई. समोर बसलेल्या सूरजबाई आणि रुचिकाताई. मेडशीहून आलेली आमच्या घरची मंडळी. आणि खुर्च्या रिकाम्या असूनही सवयीनं मागे उभे राहिलेले सगळे व्यवसायबंधू. कुणाचं नाव राहिलं असेल तर कृपया आत्ताच हात वर करा, म्हणजे भाषणभर माझ्या मनाला टोचणी राहणार नाही.

खेमाभाऊंनी मला बोलायला सांगताना दोन अटी घातल्या. रडायचं नाही आणि लांबवायचं नाही. पहिली मी पाळीन. दुसरीबद्दल खात्री देत नाही, कारण मला प्रत्येक गोष्ट नीट सांगितली नाही तर झोप येत नाही.

मी संस्कृती. नानाजी माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणून मोठे बाबा. माझं पहिलं शिक्षण घरातच झालं. शाळेत नाव घालायच्या आधी मोठ्या आईनं मला बाराखडी शिकवली, ती वाया गेलेल्या फोटोंच्या पाठीवर. पुढच्या बाजूला कुणाचं तरी हललेलं लग्न आणि मागच्या बाजूला माझा क, का, कि, की. पुढे मी कॉलेजात गेले, पदवी घेतली, पण हाताला जे काम येतं ते मोठ्या बाबांनीच शिकवलं. बसस्टँडसमोरच्या आपल्या स्टुडिओत, त्यांच्या खुर्चीशेजारी प्लॅस्टिकचं स्टूल टाकून.

मोठ्या बाबांची ओळख तालुक्यात कशासाठी आहे? मऊ फोटोसाठी. व्यवसायबंधू त्याला सॉफ्ट फोकस म्हणतात. रोलच्या काळात ते लेन्सपुढच्या काचेला बोटानं व्हॅसलीन लावायचे, मधला भाग मोकळा सोडून. कधी मोठ्या आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा ताणून बांधायचे. मोठी आई अजूनही सांगते की ती ओढणी जुनी नव्हती.

मग कॉम्प्युटर आला. तिथं काम वेगळं, पण हेतू तोच. एका फोटोवर त्याच फोटोची दुसरी प्रत ठेवायची. वरची प्रत पुसट करायची, इतकी की माणूस ओळखू येऊ नये. मग त्या पुसट प्रतीचा जोर हळूहळू उतरवत आणायचा, खालचा चेहरा तिच्यातून वर येईपर्यंत. आणि शेवटी डोळे, ओठ, दागिने एवढ्यांवरून ती पुसट प्रत खोडून काढायची. मग कातडी मऊ दिसते, दिव्याचा उजेड थोडा पसरतो आणि नजर मात्र स्वच्छ राहते. मोठे बाबा म्हणायचे, "कातडी मऊ कर, नजर नको करू. नजर मऊ झाली का माणूस आजारी दिसते."

मी सुरुवातीला विचारायची, "मोठे बाबा, जोर किती टक्के ठेवायचा?" त्यांना या प्रश्नाचा फार राग. "टक्के कायले पाहतं? चेहरा पाह्य. चेहऱ्यानं बस म्हटलं का थांब." आणि मी टक्के पाहू नयेत म्हणून त्यांनी मोठ्या आईची एक टिकली घेऊन स्क्रीनवर त्या आकड्याच्या जागेवर चिकटवून टाकली. आमच्या स्टुडिओत सगळं काम असं नजरेनं व्हायचं. आणि मंडळी, पुढे जे झालं ते यामुळेच झालं.

अध्यक्ष महोदयांच्या परवानगीनं आता मी त्यांच्याच घरची गोष्ट सांगते. परवानगी मी काल दुकानात जाऊन घेतली आहे. सूरजबाईंचीही वेगळी घेतली आहे.

मागच्या वर्षी रुचिकाताईंचं लग्न झालं. रुचिकाताई म्हणजे केशरीचंदजी आणि सूरजबाईंची नात. फोटो मी आणि खेमाभाऊंनी काढले आणि एडिटिंग मोठ्या बाबांनी केलं. अल्बम छापून आला. मी उघडून पाहिला. एकही फोटो मऊ नव्हता. उलट प्रत्येक चेहरा टोकदार. नाकावरची छिद्रं, मेकअपच्या भेगा, कपाळावरचा घाम, सगळं मोजता येईल असं. आणि हळदीच्या फोटोंत हळदच नव्हती. होती, पण फिकट, निळसर.

मी म्हटलं, "मोठे बाबा, हे असंच ठेवायचं होतं का?"

त्यांनी अल्बम डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "काय झालं? मस्त मऊ आला हाये."

आता मला सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हटलं असतं? ज्या माणसानं आपल्याला फोटो बघायला शिकवलं तो माणूस फोटो मऊ आहे म्हणतो, आणि आपल्याला तो मऊ दिसत नाही. मी अल्बम तसाच बांधला. अल्बम संघईंच्या दुकानात पोचला. दुसऱ्या दिवशी सूरजबाई स्वतः स्टुडिओत आल्या. अल्बम काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "नानाजी, आपली काही दुश्मनी हाये का?"

"काहून हो बाई?"

"नाही, साठीची बाई मी, तुमी तर मले सीधी नव्वदीत नेऊन बसवली. आन् पोरीले आमी हळद लावली होती. हे तर ज्वारीचं पीठ लावल्यावानी दिसून राह्यलं."

अध्यक्ष महोदय, आज तुम्ही हसताय. त्या दिवशी हसला नव्हता. तुम्ही निरोप पाठवला होता की अल्बम परत घ्या, आम्ही अकोल्याला करून घेऊ.

तो निरोप मोठ्या बाबांना फार लागला. संघई घराच्या तीन पिढ्यांचे फोटो त्यांच्या हातचे. ते आधी लॅबवर चिडले. लॅबनं दुसरी प्रिंट काढून पाठवली, तीही तशीच. मग त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या हरीओमभाऊंना बोलावलं. हरीओमभाऊंनी वायर बदलली, स्क्रीन पुसली, दुसरी स्क्रीन आणून जोडली; मोठ्या बाबांनी तिच्यावरही आधी टिकली लावली. फोटो तसाच. मग मोठे बाबा माझ्याकडे वळले.

"तू माझ्या फायलीले हात लावला का?"

"नाही, मोठे बाबा."

"शपथ घे."

माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी मला कधी शपथ घ्यायला लावली नव्हती. मी घेतली. पण घरी जाताना एसटीत आम्ही शेजारी बसलो आणि मेडशी येईपर्यंत एक शब्द बोललो नाही.

हरीओमभाऊंनी मला बाजूला घेऊन एक सल्ला दिला होता. ते मागच्या रांगेत आहेत, त्यांनी रागावू नये. ते म्हणाले, "ताई, त्याइचं काम झालं का तू गुपचूप वरून मऊ करून देत जाय न. त्याइले कायचं कळते!" मनात आलं नाही असं नाही. पण अल्बमच्या शेवटच्या पानावर नाव त्यांचं असतं. आणि उद्या त्यांना कळलं, तर माझ्या शपथेला काय अर्थ राहिला असता? शिवाय दुसरी एक शंका मला छळत होती. चूक त्यांची कशावरून? ती टिकली उचलून टक्के पाहिले असते तर मला तेव्हाच कळलं असतं, हे आता समजतं. पण टिकली उचलायची म्हणजे मोठ्या बाबांची परीक्षा घ्यायची. ते धाडस माझ्यात नव्हतं.

मी सरळ हिशेब केला. एकच फोटो त्यांना मऊ दिसतो, मला टोकदार दिसतो. म्हणजे दोघांपैकी एकाचे डोळे बिघडले आहेत. मोठ्या बाबांचे तर बिघडणार नाहीत. म्हणजे माझेच.

तुम्ही हसता आहात, पण मी खरंच असं धरून चालले होते. रात्रंदिवस स्क्रीनसमोर बसून माझी नजर गेली, आता हे काम सुटणार, असं मनात घेऊन मी जेवेनाशी झाले. शेवटी मोठ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग वाशीमले जाऊन दाखवून ये. डोयात थेंब टाकतात तवा काही दिसत नाही. एकटी नको जाऊ. ह्याइले घेऊन जाय सोबत."

मोठ्या बाबांना सोबत नेलं ते माझा हात धरायला. हे लक्षात ठेवा.

डॉक्टरांच्या दवाखान्यात माझ्या डोळ्यांत थेंब टाकले आणि बाहेर बाकावर बसवलं. हळूहळू सगळं बदलू लागलं. भिंतीवरचा तक्ता विरघळला. समोरच्या बाईचा चेहरा गुळगुळीत झाला. छतावरच्या ट्यूबलाइटभोवती उजेडाची झालर आली. मी घाबरले, पण मला गंमतही वाटली. म्हटलं, "मोठे बाबा, मला आत्ता सगळं तुमच्या फोटोसारखं दिसतंय. त्या ट्यूबलाइटला कशी झालर आली आहे!"

मोठे बाबा वर न बघताच म्हणाले, "त्यात काय? ट्यूबलाइटले झालर तं असतेच."

मंडळी, मी त्यांच्याकडे वळले. मग हळूच विचारलं, "तुम्हाला रोज दिसते?"

"रोज म्हंजे? लाइटले झालर, गाडीच्या लाइटले झालर, चंद्राले झालर. असतेच ते."

"आणि लोकांचे चेहरे?"

"चांगले दिसतात. पह्यलेपेक्षा चांगलेच दिसतात आता. लोकं सुधरले हायेत."

सगळा गुंता त्या बाकावर सुटला. मूळ फोटोच त्यांना मऊ दिसत होता. वर आणखी मऊ करायची गरजच नव्हती, म्हणून ते उलट थोडा टोकदार करत होते, नीट दिसावा म्हणून. सगळं जग थोडं पिवळं दिसत होतं, म्हणून हळद जास्त वाटत होती, म्हणून ते ती उतरवत होते. नजरेनं काम करणारा माणूस नजरेवर विश्वास ठेवणार नाही तर कशावर ठेवणार? त्यांचा हात चुकला नव्हता. चेहऱ्यानं बस म्हटलं, तिथंच ते थांबत होते.

डॉक्टरसाहेबांनी मला आत बोलावलं, तपासलं आणि म्हणाले, "बाई, तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. तुला इथं पाठवलं कुणी?" मी सगळं सांगितलं. थेंबांमुळे मला दिसत नव्हतं, पण डॉक्टर उठून दारापर्यंत गेले ते मला कळलं.

"काका, आत या जरा."

"मी तं सोबत आलो, साहेब."

"सोबत आलात तरी बसा खुर्चीवर."

"पोरीचं करा आधी."

"पोरीचं झालं. आता तुमचं."

डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही डोळे तपासले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पूर्ण पिकलेला होता आणि डाव्यातही बराच झालेला. मोठ्या बाबांना साखरेचा आजार आहे. डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदू इतका दाट आहे की मागचा पडदा दिसत नाही. साखरेनं पडदा खराब केला असेल तर ऑपरेशन करूनही नजर येईलच असं नाही. काढल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

परत येताना एसटीत मला पुसट दिसत होतं आणि त्यांनाही. आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून चढलो. बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "शपथ घ्यायले लावली तुले." मला तेवढं पुरलं. पण माझी खरी भीती तिथून सुरू झाली. पडदा गेला असला तर? लोक काय म्हणतील? त्यांनी शेवटी एक अल्बम बिघडवला आणि मग त्यांना दिसेनासं झालं, एवढंच म्हणतील ना? ज्या माणसानं तालुक्याला सुंदर केलं, त्याला लोकांनी खुर्चीवरून उठवायचं, आणि तेही परत आलेल्या अल्बमसाठी? साखर ताब्यात येईपर्यंत ऑपरेशन थांबवावं लागलं. तेवढे दिवस मोठी आई त्यांच्या चहात साखर नाही हे तीन-तीनदा चाखून पाहायची आणि मी स्टुडिओत एकटी बसून त्यांच्या खुर्चीला हात लावत नव्हते.

ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला आणि म्हणाले, "काका, सावकाश उघडा." मी मोठ्या आईचा पदर धरून उभी होते. या वयात.

मोठ्या बाबांनी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. खाली छापलेलं छापखान्याचं बारीक नाव वाचलं, मोठ्यानं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुले मुरूम कवा आले व?"

"मोठे बाबा, दहावीपासून आहेत."

"मले काहून नाही सांगतलं?"

मोठी आई तोपर्यंत माझ्या मागे सरकली होती. "मले नका पाहू आत्ता, मी एसटीतून आली." त्यांनी पाहिलंच. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "मनकर्णा, तुहे केस सारे पांढरे झाले."

"तुमच्या समोरच झाले," मोठी आई म्हणाली. "तुमी कुठं गेले होते?"

डॉक्टरसाहेब, तुम्ही त्या वेळी खिडकीकडे तोंड करून उभे होतात. पडदा शाबूत आहे, हे तुम्ही मग सांगितलंत. पण आम्हाला ते त्याआधीच कळलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते, खेमाभाऊ घड्याळ बघताहेत. स्टुडिओत परत आल्यावर मोठ्या बाबांनी पहिलं काम केलं ते तो परत आलेला अल्बम उघडायचं. एकेक पान उलटलं. शेवटपर्यंत. अल्बम काखेत घेतला आणि चालत संघईंच्या दुकानात गेले. मी मागे धावले. दुकानात गिऱ्हाइकं होती, गाद्यांवर लुगडी पसरलेली होती. सगळ्यांसमोर त्यांनी सूरजबाईंना सांगितलं, "बाई, हा मीच बिघडवला. लॅबनं नाही, पोरीनं नाही. मले दिसत नव्हतं आन् मले ते माईत नव्हतं."

मग सूरजबाई म्हणाल्या, "मंग आता दिसते का?"

"दिसते."

"माझ्या तोंडावर काय दिसते सांगा."

मोठ्या बाबांनी नीट पाहून सांगितलं, "नथीचा मोती बदलला तुमी."

सूरजबाई म्हणाल्या, "तर बनवून द्या नवा. अकोल्याले कोण जाते! पण ऐका, माझ्या साऱ्या सुरकुत्या नका काढू. नाही तर व्याही विचारतील, ही कोण बाई आली."

तो अल्बम आम्ही दोघांनी पुन्हा केला. ते शेजारी माझ्या स्टुलावर बसले आणि मला खुर्चीत बसवलं. मी जोर उतरवत आणायची, ते पाहायचे. सुरुवातीला ते "थांब" म्हणायचे आणि मी थांबायची. काही पानांनंतर माझ्या लक्षात आलं की ते थांब म्हणायच्या आतच मी थांबलेली असते. रुचिकाताईंच्या हळदीच्या पानावर तर ते काहीच बोलले नाहीत. मी वळून पाहिलं. ते फोटोकडे पाहतच नव्हते. बाहेर रस्त्याकडे पाहत होते, येणारी-जाणारी माणसं पाहत होते, एकेकाचा चेहरा वाचत असल्यासारखे.

डावा डोळाही मागच्या महिन्यात झाला. मागच्या आठवड्यात तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की आता वर्षानं या. त्याच संध्याकाळी मोठ्या बाबांनी घरी जाहीर केलं की आपण स्टुडिओ सोडतो. खेमाभाऊ भांडायला आले. म्हणाले, "नानाजी, डोये बनवून आणले आन् आता काम सोडता? मंग बनवले कायले?"

मोठे बाबा म्हणाले, "खेमा, दिसत नव्हतं तवा मी उठलो असतो तं लोकांनी उठवलं म्हणून उठलो असतो. आता मले दिसते. ह्या पोरीचं काम दिसते. म्हणून मी माझा उठून राह्यलो."

मंडळी, निरोपाच्या भाषणात दुःख व्यक्त करायची पद्धत आहे. मी प्रामाणिकपणे सांगते, मला दुःख होत नाही. मी वर्षभर ज्याला घाबरत होते ते झालं नाही. माझे मोठे बाबा आज या व्यासपीठावर बसले आहेत आणि त्यांना शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या हरीओमभाऊंच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसतंय. मघाशी त्यांनीच मला खुणेनं दाखवलं. यापेक्षा जास्त मी काय मागू? माझ्या छातीवरचा दगड उतरला आहे, आणि उतरलेल्या दगडाचा समारंभ करायला तुम्ही सगळे कामधंदे सोडून आलात, याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

अध्यक्ष महोदयांनी त्यांच्या घरची गोष्ट चारचौघांत सांगू दिली, सूरजबाईंनी ती खळखळून हसत ऐकली, डॉक्टरसाहेब वेळात वेळ काढून आले, संघटनेनं हा हॉल सजवला, या सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान कमी-जास्त झाला असेल, कुणाची गंमत करताना हात जरा जड पडला असेल, तर वयानं लहान म्हणून पोटात घालावं. आणि तरीही राग आलाच तर तो उद्या स्टुडिओत येऊन सांगावा, मी तिथंच असेन.

आता शेवटची विनंती. चहा घेण्याआधी सगळ्यांनी व्यासपीठासमोर यावं, सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा आहे. मोठ्या बाबांना मधल्या खुर्चीत बसवा. उठून कॅमेऱ्याच्या मागे जायला लागले, तर मोठ्या आईनं त्यांना धरून ठेवावं.

नमस्कार.